सॉफ्टवेअरचे काम आणि त्याचे मोजमाप



मोजमाप ही गोष्ट मुंबईच्या कामगाराला नवी नाही. गिरणीत कापडाचे वार मोजले जात, सुताचे वजन होई; इंजिनियरिंग कारखान्यात जॉबकार्डावर नग आणि मिनिटे लिहिली जात. घड्याळ घेऊन यंत्राशेजारी उभा राहणारा टाइम-स्टडीवाला आमच्या पिढीने चांगला ओळखला आहे. परंतु आज ज्या मोजमापाविषयी आम्ही बोलणार आहोत, ते ज्या मालाचे आहे तो माल डोळ्यांना दिसत नाही, हातात धरता येत नाही आणि काट्यावर घालता येत नाही. तो माल म्हणजे सॉफ्टवेअर. संगणकाने काय करावे व कोणत्या क्रमाने करावे हे सांगणाऱ्या आज्ञांचा संच, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. बँकेचे हिशेब, रेल्वेची तिकिटे, विजेची बिले ही सारी आज या आज्ञांवर चालतात.

कामगार चळवळीतल्या माणसाने या विषयात का शिरावे, अशी शंका कोणी काढील. शंका रास्त आहे. आमचे शिक्षण शाळेपुरते. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. परंतु गोरेगावास जेथे निर्लॉनचा कृत्रिम धाग्याचा कारखाना होता, तेथे आज निर्लॉन नॉलेज पार्क या नावाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. उपनगरांतील कितीतरी गिरण्या-कारखान्यांच्या जागी असेच झाले. भोंगा गेला आणि गळ्यातले कार्ड आले. ज्या घरातला बाप पाळीला जात होता, त्या घरातला मुलगा किंवा मुलगी आता तेथे जाते. मग तेथे काम कसे मोजतात, त्या मोजण्यातून सुधारणा कशी होते आणि जाच केव्हा होतो, हे समजून घेणे आमचे कर्तव्यच ठरते.

या धंद्याचे उपनगरातले जुने ठाणे म्हणजे सीप्झ. नाव सांताक्रूझचे, पण जागा अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूस. इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवून परदेशी पाठवाव्यात म्हणून १९७३ साली सरकारने हा निर्यात विभाग उघडला. मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ साली सुरू झालेली होती. १९७८ मध्ये पटणी कॉम्प्युटर्स आणि १९८२ मध्ये मास्टेक निघाली, व या मंडळींचा अंधेरीशी जवळचा संबंध राहिला. आरंभी सॉफ्टवेअर पाठवणे म्हणजे बव्हंशी माणसेच पाठवणे असे. प्रोग्रॅमर विमानाने जाई आणि गिऱ्हाइकाच्या कचेरीत बसून काम करी. पुढे दूरसंचाराच्या सोयी वाढल्या, तेव्हा माणूस अंधेरीत बसू लागला आणि कामच तारेवरून जाऊ लागले. तेथे अडचण उभी राहिली. लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाला अंधेरीतले काम दिसत नव्हते. माल वेळेवर येईल कशावरून? तो चालेल कशावरून? या प्रश्नाला ‘आमची माणसे हुशार आहेत’ हे उत्तर पुरेसे नव्हते.

हा अविश्वास नुसत्या अंधेरीविषयी नव्हता. सॉफ्टवेअर वेळेवर न होणे, ठरल्यापेक्षा खर्च वाढणे आणि झाल्यावर बिघडणे हा जगभरचाच रोग होता. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश या गावी नाटो संघटनेने यावर एक परिषद भरवली, आणि सॉफ्टवेअर हेही इंजिनियरिंगच्या शिस्तीने बनले पाहिजे, हा विचार तेथे पुढे आला. आयबीएम कंपनीतले मोठे काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ साली आपल्या पुस्तकात बजावले की, उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे घातली तर उशीर वाढतो. कारखान्यातल्या माणसाला हे ऐकून प्रथम नवल वाटेल. खड्डा खणायला दहा माणसे लावली तर तो लवकर खणून होतो. परंतु येथे नव्या माणसाला काम समजावून देण्यासाठी जुन्याला आपले काम बाजूला ठेवावे लागते; आणि माणसे वाढली की त्यांच्यातले बोलणे, निरोप व गैरसमज त्याहून अधिक वेगाने वाढतात. तेव्हा इलाज माणसांच्या संख्येत शोधून भागत नाही. तो कामाच्या पद्धतीत शोधावा लागतो.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८४ साली एक संस्था निघाली. आयबीएममध्ये अनेक वर्षे काढलेले वॉट्स हम्फ्री १९८६ साली तेथे आले. सरकारी कंत्राट घेणाऱ्या कंपनीची काम करण्याची पात्रता कशी ओळखावी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यातून पाच पायऱ्यांची एक शिडी तयार झाली. १९९१ साली ती ‘सीएमएम’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि २००० साली तिचे रूप विस्तारून ‘सीएमएमआय’ झाले.

या पाच पायऱ्या समजण्यासाठी एखादी खानावळ डोळ्यांपुढे आणावी. पहिल्या पायरीवर सारी भिस्त एका आचाऱ्यावर असते. तो आहे तोवर जेवण उत्तम. तो गावी गेला की खानावळ बंद. दुसऱ्या पायरीवर निदान इतके होते की, किती पाने वाढायची आहेत, सामान किती लागेल, जेवण केव्हा तयार होईल याची आधी आखणी होते आणि काल जमले ते आज पुन्हा जमते. तिसऱ्या पायरीवर कृती लिहून ठेवलेली असते, व घाटकोपरच्या शाखेतली आमटी मुलुंडच्या शाखेतल्या आमटीसारखी लागते. चौथ्या पायरीवर मोजणी येते: भात किती उरला, कोणत्या वेळी गिऱ्हाइकाला थांबावे लागले, ताटे परत का आली. पाचव्या पायरीवर त्या आकड्यांतून कारण शोधून पद्धतच बदलतात आणि बदलाचा गुण आला की नाही हे पुन्हा मोजून पाहतात. चांगला आचारी प्रत्येक पायरीवर लागतोच. फक्त चांगल्या आचाऱ्यालाही वाईट स्वयंपाकघरात रोज मरमर करावी लागू नये, हा या शिडीचा मूळ हेतू.

भारतीय कंपन्यांनी ही शिडी झपाट्याने गाठली. बंगळूरच्या मोटोरोला केंद्राने १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातच पाचवी पायरी मिळवली, आणि शतक संपता संपता जगातल्या पाचव्या पायरीच्या केंद्रांपैकी मोठा भाग भारतात होता. दूरच्या गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या कामाची ही हमीच होती.

आता प्रत्यक्ष मोजतात काय ते पाहू. मुख्य गोष्टी चार: कामाचा आकार, लागलेली माणसांची मेहनत, लागलेला काळ आणि राहिलेल्या चुका. यांत आकार मोजणे सर्वांत कठीण. जुना उपाय म्हणजे लिहिलेल्या ओळी मोजणे. पण जे काम एक जण शंभर ओळींत करतो ते दुसरा चाळीस ओळींत करतो, आणि पुष्कळदा चाळिसांचेच चांगले असते. ओळींवर मजुरी ठरवली तर पाल्हाळाला बक्षीस मिळेल. म्हणून आयबीएमच्या ॲलन आल्ब्रेक्ट यांनी १९७९ साली दुसरी रीत सुचवली. वापरणाऱ्याला त्या सॉफ्टवेअरमधून काय मिळते ते मोजावे: माहिती आत घालण्याच्या जागा किती, बाहेर येणारे तक्ते किती, विचारता येणारे प्रश्न किती, सांभाळायच्या नोंदवह्या किती. यांना ‘फंक्शन पॉइंट’ म्हणतात. किती सूत खर्च झाले हे न मोजता किती वार कापड निघाले हे मोजावे, तसा हा प्रकार आहे.

चुकांची मोजणी त्याहून उपयोगी, परंतु ती कशी करावी यातच सारे मर्म आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, एका कचेरीतल्या एका गटाच्या कामात तीन महिन्यांत ६० चुका सापडल्या. साहेब म्हणतील, प्रोग्रॅमर हलगर्जी आहेत. आता प्रत्येक चूक कोठे सापडली एवढेच न लिहिता ती जन्मली कोठे हे लिहा. समजा असे निघाले: गिऱ्हाइकाची मागणी नीट न समजल्यामुळे ३३, आराखडा चुकल्यामुळे ९, प्रत्यक्ष लिहिताना १२, आणि जुनी प्रत नव्या प्रतीच्या जागी गेल्यामुळे ६. म्हणजे साठांपैकी बाराच चुका लिहिणाऱ्याच्या टेबलावर जन्मल्या. बाकीच्या ४८ चुकांसाठी त्याला कितीही दटावले तरी त्या कमी होणार नाहीत. त्यांचा उपाय दुसरीकडे आहे. मागणी घेताना ती लिहून काढावी, पुरी झाली हे कसे तपासायचे तेही त्याच वेळी लिहावे. प्रत्येक प्रतीवर खूण घालावी. मग पुढच्या तीन महिन्यांत पुन्हा मोजावे. ‘प्रक्रिया सुधारणा’ म्हणून ज्याचा एवढा गाजावाजा होतो, ती याहून फार वेगळी नाही. चूक जितकी उशिरा सापडते तितकी ती दुरुस्त करणे महाग पडते, म्हणून तिचे उगमस्थान शोधण्याला एवढे महत्त्व.

आकडा हाती आला तरी तो वाचता आला पाहिजे. वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२४ साली यासाठी एक आलेख तयार केला. त्याचे तत्त्व बोरिवलीच्या कोणाही माणसाला ठाऊक आहे. चर्चगेटची लोकल रोज दोन-चार मिनिटे मागेपुढे होते. ते त्या व्यवस्थेचे नेहमीचे अंग आहे. एखाद्या दिवशी ओव्हरहेड वायर तुटते आणि गाडी तासभर अडकते. ते विशेष कारण. नेहमीच्या दोन मिनिटांसाठी रोज मोटरमनची चौकशी लावणे व्यर्थ आहे. तो उशीर कमी करायचा तर मार्ग, सिग्नल आणि वेळापत्रक बदलावे लागेल, आणि ते बदलणे मोटरमनच्या हाती नाही. शूहार्ट यांचेच सहकारी डेमिंग यांनी १९५० साली जपानी कारखानदारांना हेच शिकवले. दोषांचा बहुतांश भाग व्यवस्थेतून येतो आणि व्यवस्था ही चालकांची जबाबदारी आहे, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. ‘भीती घालवा’ हे त्यांच्या चौदा सूत्रांपैकी एक सूत्र.

येथून आमच्या खऱ्या मुद्द्याकडे येतो. पद्धत मोजायची आणि माणूस मोजायचा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून सुधारणा होते. दुसरीतून आकडे खोटे होतात. टेस्टरची कामगिरी त्याने शोधलेल्या चुकांच्या संख्येवर ठरवा; एकच चूक पाच वेळा नोंदली जाईल. प्रोग्रॅमरची कामगिरी मिटवलेल्या तक्रारींवर ठरवा. सोप्या तक्रारी आधी उचलल्या जातील आणि अवघड तशाच कुजत पडतील. गटाने कामाचा अंदाज ‘पॉइंट’मध्ये सांगायचा असेल आणि पॉइंट वाढले म्हणून शाबासकी मिळत असेल, तर काम तेवढेच राहून पॉइंट फुगतील. यात लबाडी थोडी आणि पोटाची काळजी अधिक असते.

ही गोष्ट या शास्त्राच्या जाणत्यांना ठाऊक होती. आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी १९७६ साली सहकाऱ्यांनी एकत्र बसून काम तपासण्याची पद्धत मांडली, आणि त्याच वेळी ताकीद दिली की या तपासणीतले आकडे माणसाची लायकी ठरवण्यासाठी मुळीच वापरू नयेत. हम्फ्री यांनी १९९५ च्या सुमारास प्रत्येक प्रोग्रॅमरने आपला वेळ आणि आपल्या चुका स्वतः टिपण्याची रीत शिकवली. त्या वहीवर हक्क त्या माणसाचा, वरिष्ठाने ती मागू नये, असा त्यांचा आग्रह होता. कंपन्यांनी या मंडळींच्या वह्या घेतल्या, तक्ते घेतले. ही ताकीद मात्र बऱ्याच ठिकाणी मागे राहून गेली.

आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या तरुणांकडून एक गोष्ट आम्ही वारंवार ऐकतो. टाइमशीटमध्ये दिवसाचे साडेआठ तास लिहायचे; बसायचे मात्र अकरा तास. नाव कोणत्याही कंपनीचे घेत नाही, कारण हा एका ठिकाणचा दोष नव्हे. आता हिशेब करा. शंभर दिवसांच्या कामाला एका माणसाचे ११०० तास लागले; कागदावर ८५० उतरले. पुढच्या वर्षी तशाच कामाचा अंदाज करताना कंपनी जुना कागद काढते आणि ८५० तासांचा भाव गिऱ्हाइकाला सांगते. म्हणजे काम सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक माणसामागे २५० तासांची तूट पडलेली असते. ती तूट कोण भरून काढणार? तोच तरुण, आपल्या झोपेतून आणि घरच्या माणसांच्या वाट्याच्या वेळेतून. त्याची मेहनत कोठेच नोंदली जात नाही, म्हणून पद्धतीतला दोषही कोणाला दिसत नाही. येथे कामगाराचा हक्क आणि मोजमापाचे शास्त्र एकच गोष्ट सांगतात: खरे तास लिहा.

मुंबईने हा झगडा जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच पाहिला आहे. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांतले सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. विणकराला दोनाऐवजी तीन साचे, रिंग खात्यातल्या कामगाराला एकाऐवजी दोन बाजू, अशी नवी ‘कार्यक्षमता’ त्यांच्यावर लादली जात होती, हे त्या संपाचे एक मोठे कारण. मोजमाप मालकाचे, ठराव मालकाचा आणि वाढलेला भार कामगाराचा, अशी ती योजना होती. याच्या उलट उदाहरण अहमदाबादचे. १९५३ साली तेथील कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांच्या खात्यात उत्पादन अपेक्षेप्रमाणे निघत नव्हते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी पाहिले की, २२४ मागांवर २९ माणसे बारा प्रकारच्या वेगवेगळ्या कामांत विभागलेली आहेत. कोणाचा कोणाशी मेळ नाही. काही मागांचा एक संच आणि त्या संचाची पुरी जबाबदारी घेणारा एक लहान गट, अशी कल्पना त्यांनी मांडली. राइस यांनी लिहून ठेवले आहे की, कामगारांनी ती तत्काळ उचलली आणि गट आपले आपण पाडले. उत्पादन वाढले आणि खराब कापड कमी झाले. २००१ साली अमेरिकेत सतरा प्रोग्रॅमरांनी ‘अजाइल’ या नावाने जो जाहीरनामा काढला, त्यात स्वतःची आखणी स्वतः करणाऱ्या गटावर भर होता. अहमदाबादच्या विणकरांना तो ओळखीचा वाटला असता.

अलीकडे, २०१८ साली, निकोल फोर्सग्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात चार मापे सुचवली आहेत: नवे काम किती वेळा वापरात जाते, बदल लिहून झाल्यापासून वापरात येईपर्यंत किती वेळ जातो, केलेल्या बदलांपैकी किती बिघडतात, आणि बिघाड किती लवकर सावरतो. ही चारही मापे कामाच्या वाहत्या प्रवाहाची आहेत. कोणा एकाच्या बोटांची नाहीत. आता तर यंत्रच कोडच्या ओळी लिहून देऊ लागले आहे. ओळी मोजण्यात पूर्वी जो थोडा अर्थ होता तोही त्यामुळे संपत चालला आहे. काय लिहायचे, ते बरोबर आहे का, हे ठरवणाऱ्या माणसाच्या विचाराची किंमत मात्र वाढली आहे.

प्रमाणपत्राविषयी एक शब्द. पायरी मिळाल्याचा कागद भिंतीवर लागला की पद्धत सुधारली, असे होत नाही. परीक्षक येण्याच्या आदल्या रात्री जागून भरलेली रजिस्टरे कारखान्यांतही होती आणि कचेऱ्यांतही असतात. ज्या नोंदीचा उपयोग नोंद करणाऱ्याला होत नाही, ती नोंद लवकरच खोटी होते. एवढी एकच कसोटी लावली तरी निम्मे तक्ते फाडून टाकता येतील.

मग आमचे म्हणणे काय? मोजमापाला विरोध करा, असे आम्ही कोणाला सांगत नाही. न मोजलेल्या कामात कामगाराचेच नुकसान अधिक होते, हे टाइमशीटच्या हिशेबाने दिसलेच. आमचे मागणे पाच गोष्टींचे आहे. कोणतेही माप सुरू करण्यापूर्वी ते कशासाठी हे लिहून जाहीर करावे. आकडे गटाचे आणि पद्धतीचे असावेत. एकट्या माणसाची वही त्याच्याजवळ राहावी. कामाचा अंदाज ठरवताना ते काम करणारा त्या खोलीत बसलेला असावा. तास खरे लिहिले जावेत, आणि खरे लिहिल्याबद्दल कोणाला शिक्षा होऊ नये. आणि पाचवी गोष्ट अशी की, पद्धत सुधारून जो वेळ वाचेल त्याचा काही वाटा वेळेवर घरी जाण्याच्या रूपाने काम करणाऱ्याला मिळावा.

अंधेरीच्या किंवा मालाडच्या इमारतींत काम करणाऱ्या मुलामुलींना, आणि येथे बसलेल्या त्यांच्या आईवडिलांना, आमचे सांगणे एवढेच की हे शास्त्र शिका. तक्ता कसा वाचायचा, चूक कोठे जन्मली हे कसे शोधायचे, नेहमीचे कारण कोणते आणि विशेष कोणते, हे समजायला मोठ्या पदवीची गरज नाही. पुढच्या बैठकीत साहेब आकडा दाखवतील, तेव्हा मान खाली घालू नका. हा आकडा कशाचा, तो कसा काढला आणि तो बदलणे कोणाच्या हाती आहे, हे तीन प्रश्न शांतपणे विचारा. चांगल्या साहेबालाही ते हवेच असतात.